बारा गुंड्यांचा रणगाडा

सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात जुन्या कपड्यांपासून कुकरच्या शिट्ट्यांपर्यंत काहीही मिळते. अलीकडे तिथे खेळण्यांच्या ढिगात प्लॅस्टिकच्या जुळणाऱ्या विटांची पाकिटेही दिसतात. आपल्याकडे मुले त्यांना ‘ब्लॉक’ म्हणतात. एका रविवारी भाचीचा मुलगा अशाच एका पाकिटापाशी अडला. पाकिटावर हिरवा रणगाडा होता, मागे ज्वाळा होत्या.

“आजोबा, हा घेऊ या?”

“कुठला रणगाडा आहे हा?”

त्याने पाकीट उलटसुलट करून पाहिले. नाव कुठेच नव्हते. पुढून तो रशियन वाटत होता, मागून जर्मन, आणि चाके ट्रॅक्टरची असावीत. असा रणगाडा जगातल्या कुठल्याही सैन्यात नाही, असे मी म्हटल्यावर पोराने मला निरुत्तर केले. “मग विटा घेऊ, रणगाडा आपण खरा करू.”

घरी भाचीच्या कपाळाला आठी पडली. “मामा, पोळ्याला बैल द्या, दिवाळीला किल्ला करा. रणगाडे कशाला?” तिला मी त्या दिवशी धड उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख बराचसा त्या राहून गेलेल्या उत्तरापायी लिहितो आहे.

भिलाईच्या माणसाला विटेचे महत्त्व नव्याने सांगावे लागत नाही. २ फेब्रुवारी १९५५ला भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात इथल्या पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. पोलादाचे गाव म्हणून आपण ओळखले जातो. पण पोलाद वितळवायचे तर ती आग विटांनीच कोंडावी लागते. माझे वडील कोक ओव्हनच्या दुरुस्तीकडे होते. कोक ओव्हनची भिंत साध्या चौकोनी विटांची नसते. सिलिका विटांचे शेकडो आकार असतात, प्रत्येक आकाराला नंबर असतो, आणि एका विटेची जीभ दुसऱ्या विटेच्या खाचेत बसते, म्हणजे तापून फुगताना भिंत फाटू नये आणि वायू गळू नये. वडील घरीही ‘शेप’ हा शब्द वापरत. “एक शेप चुकला तर पुढचे सगळे चुकतात,” हे वाक्य मी गणिताच्या वहीपासून लग्नाच्या याद्यांपर्यंत सगळीकडे ऐकले आहे.

खेळण्यातली जुळणारी वीट जन्मली तीही साधारण याच काळात. इंग्लंडमध्ये हिलरी फिशर पेज यांनी १९४७च्या सुमारास ‘किडीक्राफ्ट’ या नावाने एकमेकांत अडकणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटा बाजारात आणल्या. डेन्मार्कच्या बिलुंड गावात ओले कर्क क्रिस्टियान्सेन हे सुतार १९३२पासून लाकडी खेळणी करत होते. त्यांच्या हाती हा नमुना आला आणि १९४९मध्ये त्यांनी आपल्या विटा काढल्या. लेगोची कथा सांगताना हा इंग्रज पुष्कळदा गळतो, म्हणून मुद्दाम लिहिले. पहिल्या विटांत एक खोट होती. त्या आतून पोकळ होत्या, वर ठेवल्या की बसत, पण धक्का लागला की सुटत. ओलेंचा मुलगा गॉटफ्रेड याने २८ जानेवारी १९५८ला पेटंटचा अर्ज केला तो आतल्या नळ्यांचा. खालच्या विटेच्या गुंड्या वरच्या विटेच्या भिंती आणि नळ्या यांच्यामध्ये चिमटल्या जातात आणि पकड येते. (वरच्या गोल उंचवट्याला मी गुंडी म्हणतो आहे, पोरगा ‘स्टड’ म्हणतो.) दोन गुंड्यांमधले अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ मिलिमीटर. हे माप पुढे बदललेच नाही, त्यामुळे १९५८ची वीट आजच्या विटेवर बसते.

आता युद्धाचे. डेन्मार्क १९४० ते १९४५ जर्मनांच्या ताब्यात होता. सुटका झाली त्याच सुमारास याच कारखान्याने एक लाकडी खेळण्यातले पिस्तूल काढले आणि त्याचे नाव ठेवले शांतीचे पिस्तूल! ते खपलेही. पुढे मात्र कंपनीने आजच्या युद्धाची हुबेहूब सामग्री करायची नाही असे धोरण धरले. राखाडी विटा भरपूर दिल्या तर मुले रणगाडे करतील, अशी मालकांना धास्ती होती असे सांगतात. १९७८मध्ये त्यांचा पहिला मोठा किल्ला आला तो चक्क पिवळा होता. तलवारी आणि भाले चालतील, कारण ते जुने. रणगाडा चालणार नाही, कारण तो अजून कुणाच्या तरी दारात उभा असू शकतो. १९९९पासून आकाशगंगेतली युद्धे आली, तीही चालली, कारण ती कुठेच झालेली नाहीत. २०२०मध्ये ‘ऑस्प्रे’ या लष्करी विमानाचा संच दुकानात यायच्या तोंडावर होता. जर्मनीतल्या शांततावादी संघटनेने विरोध केला आणि कंपनीने तो मागे घेतला.

कुणी याला ढोंग म्हणेल. मला ते पूर्ण ढोंग वाटत नाही. घरात रेघ कुठे ओढायची हे ज्याला ठरवावे लागले आहे, त्याला ती रेघ वाकडीच येते. पण रंग दिला नाही म्हणून रणगाडे थांबले का? नाही. पोलंडच्या कोबी या कंपनीने दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्यांचे नावगावासह संच काढले, त्यांचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. आणि जगभर मोठी माणसे सुट्या विटा जमवून, आकृत्या ताणून, मापात रणगाडे करू लागली. वीट जुळते तेव्हा ती कशासाठी जुळते आहे हे तिला ठाऊक नसते. कोक ओव्हनच्या विटेलाही नव्हते. भिलाईचे पोलाद रुळांत गेले, पण ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजासाठी जे खास पोलाद लागले त्यातही भिलाईचा वाटा आहे. २ सप्टेंबर २०२२ला ते जहाज नौदलात दाखल झाले तेव्हा आमच्या सेक्टरांत लोकांनी अभिमानाने एकमेकांना फोन केले. त्या आम्ही प्लॅस्टिकच्या रणगाड्याकडे पाहून नाक मुरडायचे, हे जरा विचित्र आहे.

हा पेच पुराणा आहे. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९०३मध्ये एक कथा लिहिली. तिच्यात खंदक ओलांडून जाणारी लोखंडी यंत्रे होती. खरे रणगाडे पहिल्यांदा रणांगणात उतरले १५ सप्टेंबर १९१६ला, फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत. म्हणजे तेरा वर्षे आधी. याच वेल्सने १९११मध्ये ‘फ्लोअर गेम्स’ नावाचे छोटे पुस्तक लिहिले. घरातल्या फरशीवर लाकडी विटा आणि फळ्या मांडून मुलांबरोबर बेटे आणि शहरे कशी वसवायची, याचे ते पुस्तक आहे. १९१३मध्ये त्याने ‘लिटल वॉर्स’ लिहिले, खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम. त्याचे म्हणणे असे की युद्धाची हौस असेल त्याने ती फरशीवर फेडावी. खऱ्या युद्धापेक्षा ते किती तरी बरे. वर्षभरात महायुद्ध पेटले. वेल्सचा खेळ ते थांबवू शकला नाही, यात खेळाचा दोष काढता येत नाही, आणि त्याचे श्रेयही फार वाढवता येत नाही.

उलट सैन्यच खेळण्यांकडे वळल्याचीही उदाहरणे आहेत. व्हर्सायच्या तहाने जर्मनीला रणगाडे ठेवायला मनाई केली, तेव्हा त्यांच्या पलटणी मोटारींवर पुठ्ठ्याचे आणि कापडाचे सांगाडे चढवून सराव करत. आपल्या सैन्यातही मोहिमेआधी वाळूत डोंगर, नाले, गावे मांडून समजावून सांगायची पद्धत आहे. त्याला ‘सँड मॉडेल’ म्हणतात. दिवाळीच्या किल्ल्याशी त्याचे नाते जवळचे आहे.

तर आता किल्ला आणि बैल. भाचीने हे दोन बरोबर निवडले, कारण आमच्या भागातल्या मराठी घरात हे दोन्ही येतात. छत्तीसगडात पोऱ्याला मातीचा, चाकांवर चालणारा नंदिया बैल मुलांना देतात आणि मुली मातीचे जाते, चूलभांडी घेऊन खेळतात. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लाकडी बैल सजवून मुले मिरवतात. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६मध्ये तो सुरू केला असे सांगतात. छत्तीसगड तेव्हा नागपूरकरांच्याच राज्यात होते. बिंबाजी भोसले १७५८पासून रतनपूरला बसून इथला कारभार पाहत होते. तेव्हा आमच्या घरात मातीचा आणि लाकडाचा, दोन्ही बैल शेजारी उभे राहतात यात नवल नाही.

किल्ला मात्र शेजाऱ्यांना समजावून सांगावा लागे. क्वार्टरच्या अंगणात दिवाळीच्या आधी आम्ही माती, विटांचे तुकडे आणि पोते घेऊन बसलो की पलीकडचे बंगाली काका विचारायचे, हे कुठले मंदिर? महाराज आणि मावळे नागपूरहून कुणी येणार असेल त्याच्याबरोबर मागवायचे. सुपेल्यात ते मिळत नसत. अळीव किंवा मोहरी पेरून डोंगर हिरवा करायचा, बुरुजावर तोफ ठेवायची. आता विचार करतो तेव्हा लक्षात येते की आमच्या किल्ल्याला कधीही वेढा पडला नाही. शत्रूची छावणी कुणी केलीच नाही. पायथ्याशी बैलगाडी, विहीर, पाटीवाली बाई, कधी प्लॅस्टिकची मोटारही. पण समोरचे सैन्य नाही आणि पडलेला माणूस नाही. भाची म्हणाली तेही हेच होते: “किल्ल्यावर कुणी मरत नाही हो.” मरत नाही, कारण आपण तो भाग बनवत नाही.

पोरगा मात्र तोवर ‘खऱ्या’ रणगाड्याला लागला होता. कुठला करायचा, हे मी सुचवले: सेंचुरियन, १७वी पूना हॉर्स. या घोडदळाचे मूळ १८१७मधले. दुसऱ्या बाजीरावाशी पुण्याचा तह झाला, त्यानंतर पेशव्याच्याच मुलखाच्या उत्पन्नावर इंग्रजांनी ही फौज उभी केली. घोडे जाऊन रणगाडे आले, नाव पुण्याचेच राहिले. १९६५मध्ये तिचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर. जन्म मुंबईचा, शिक्षण पुण्यात. त्यांचे पूर्वज रतनजीबा शिवाजी महाराजांच्या सैन्यात होते आणि त्यांना मिळालेल्या गावांत तारापूर मुख्य होते, त्यावरून हे आडनाव आले असे घराण्याच्या इतिहासात सांगतात. म्हणजे भाचीच्या किल्ल्यावरून माझ्या रणगाड्यापर्यंत एका पारशी घराण्यातून सरळ वाट होती. मी ती तिला ऐकवली. ती म्हणाली, “आधी जेवून घ्या.”

मग मापे. विटांच्या कारागिरीत खरी मजा इथे आहे. रणगाड्यांच्या प्रतिकृतींत १:३५ हे प्रमाण जगभर चालते, आणि त्याचा उगम मोठा गमतीचा आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. त्याचा आकार ठरला आत बॅटऱ्या मावाव्यात म्हणून. नंतर मोजून पाहिले तर प्रमाण पस्तिसाव्या हिश्श्याच्या आसपास निघाले, आणि तेच रूढ झाले. सेंचुरियनची रुंदी सुमारे ३.३८ मीटर. पस्तिसाने भागली की जवळपास ९७ मिलिमीटर, म्हणजे बारा गुंड्या. उंची ३.०१ मीटर, म्हणजे ८६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर नऊ विटा. तोफ सोडून लांबी ७.६ मीटर, म्हणजे सत्तावीस गुंड्या. इतके चपखल उत्तर आले की पोराने तीनदा भागाकार केला. समोरच्या पॅटनची रुंदी ३.६५ मीटर धरली तर तेरा गुंड्या येतात. बारा ही सम संख्या, तेरा विषम. सम रुंदीवर टरेट, म्हणजे वरचा फिरता बुरूज, मधोमध बसवायचा तर गुंडी नेमकी मध्यावर येत नाही. त्यासाठी एकच गुंडी मध्यावर असलेली चपटी पट्टी लागते. ती आमच्या पाकिटात नव्हती. दुसरे पाकीट आणावे लागले.

तिरक्या बाजू ही दुसरी अडचण. सेंचुरियनचा पुढचा पत्रा उतरता आहे. सरळ विटा एकावर एक ठेवल्या तर पायऱ्या होतात, रणगाडा होत नाही. उपाय असा की विटा आडव्या फिरवायच्या, गुंड्या वर न ठेवता पुढे काढायच्या. दोन गुंड्यांची रुंदी १६ मिलिमीटर आणि पाच चपट्या पट्ट्यांची उंचीही १६ मिलिमीटरच. पट्टी विटेच्या एक तृतीयांश असते, ३.२ मिलिमीटर. हे समीकरण कळले की उभे आणि आडवे बांधकाम एकमेकांत बसते. मला वडिलांचे शेप आठवले. तोफेला गोल विटा लावल्या तर नळी पस्तीसपट करून २८ सेंटिमीटर जाड होते, आणि खरी तोफ तर आतून ८४ मिलिमीटरची. शेवटी बारीक दांडी लावली. पट्ट्यांवरची सहा-सहा चाके बाजूच्या पत्र्यांआड झाकली जातात, ही इंग्रज कारखानदारांची आमच्यावर मेहरबानी.

वजनाचा हिशेब मीच घातला. खरा सेंचुरियन सुमारे ५२ टन. लांबी, रुंदी, उंची तिन्ही पस्तीसपट कमी केल्यावर वजन ४२,८७५पट कमी होते. तेच पोलाद वापरून केला असता तर हा रणगाडा १.२ किलोचा भरला असता. पोराने शेल्फवरून साखरेचे किलोचे पाकीट आणून हातात तोलून पाहिले आणि दुसऱ्या हातात आपला प्लॅस्टिकचा सांगाडा. मग तो बराच वेळ काही बोलला नाही.

चालकापासून प्रमुखापर्यंत सेंचुरियनमध्ये चार माणसे बसतात. आमच्याकडे विटांच्या संचातल्या चार बाहुल्या होत्या. एकही आत मावेना. बाहुली चार सेंटिमीटर उंच, पण अंगाने ऐसपैस. “मोठी आहे का मग ती?” म्हणून त्याने चारला पस्तिसाने गुणले. १४० सेंटिमीटर आले. तो उठला, दाराच्या चौकटीजवळ गेला. तिथे त्याची आई दर वाढदिवसाला पेन्सिलीने रेघ मारते. शेवटची रेघ १४१वर होती.

“आजोबा, हा माझ्याएवढा आहे.”

मग मी त्याला तारापोरांची लढाई सांगितली. इतके दिवस मी फक्त शौर्याच्या ओळी सांगत आलो होतो. ११ सप्टेंबर १९६५ला सियालकोट आघाडीवर फिल्लोऱ्याकडे चढाई, वझीरवालीजवळ पॅटन रणगाड्यांचा प्रतिहल्ला, तारापोर जखमी, मागे जायला नकार. पुढचे दिवस ते त्या जखमेनिशी लढले. पूना हॉर्सने ६० शत्रू-रणगाडे मोडले आणि स्वतःचे ९ गमावले, असे त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात नमूद आहे. १६ सप्टेंबरला जस्सोरन आणि बुटूर डोगरांडीच्या लढाईत त्यांच्या रणगाड्यावर तोफेचा मारा झाला आणि तो पेटला. ते ४२ वर्षांचे होते. रणगाड्याचे झाकण बंद केले तर आतून फारच थोडे दिसते. म्हणून प्रमुख पुष्कळदा झाकण उघडून छातीपर्यंत बाहेर उभे राहतात. दिसावे म्हणून उभे राहायचे, आणि दिसले की मारले जायचे. हे मी कधी सांगितले नव्हते. आणि ते ६० रणगाडे, त्यांतही चार-चार माणसे होती, हे तर मी स्वतःलाही सांगितले नव्हते.

भाची स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही अहिल्यानगरला गेलो. तिथे रणगाड्यांचे संग्रहालय आहे, १९९४मध्ये चिलखती दलाने उभारलेले. आशियात या प्रकारचे दुसरे नाही असे सांगतात. उघड्या आवारात जुने रणगाडे ओळीने उभे आहेत. इंग्रजी चर्चिल, मटिल्डा, व्हॅलेंटाईन, एक छोटासा जपानी, आपला विजयंता. ऊन इतके होते की पत्र्याला हात लावता येत नव्हता. पोरगा सेंचुरियनपाशी थांबला आणि पहिल्यांदा त्याने रुंदी पाहिली. हात पसरून एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेला. तीन हात झाले तरी संपेना. “बारा गुंड्या,” तो म्हणाला. मी भाचीकडे पाहिले. ती चालकाच्या झाकणाकडे बघत होती, तिथून माणूस आत कसा शिरत असेल याचा अंदाज घेत. “बाहेर कसं यायचं मग, आग लागली तर?” तिने विचारले. ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हते.

आता तो रणगाडा बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी आहे. वरचे झाकण उघडे ठेवले आहे, आणि त्यात बाहुलीचा फक्त वरचा अर्धा भाग बसवला आहे, कारण पाय आत मावत नाहीत. हिरव्या विटा मागच्या बाजूला कमी पडल्या, म्हणून इंजिनाच्या पत्र्यावर दोन पिवळ्या लावल्या आहेत. पुढच्या रविवारी बाजारात मिळतात का बघू, असे पोरगा दर आठवड्याला म्हणतो. भाची धूळ पुसताना तो उचलते, खालून पुसते आणि तोंड दुसरीकडे करून ठेवते. तो शाळेतून आला की परत वळवतो.